नकाशा भिंतीवरून खाली उतरवा : लहान मुलांना पृथ्वीगोल आणि नकाशा कसे शिकवता?

मधली_सुट्टी

चौथी ते सहावीच्या मुलांना नकाशा शिकवताना सगळ्यात मोठा अडथळा कुठला असेल, तर नकाशा भिंतीवर टांगलेला असतो हा. एकदा तो खिळ्याला लटकला की उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली हे डोक्यात पक्कं बसतं. वर म्हणजे पार आभाळाकडे. मग नाईल नदी भूमध्य समुद्राकडे 'चढते' कशी, चंबळ आणि बेतवा यमुनेला मिळायला 'वर' कशा जातात, असे प्रश्न येतात. हे विचारणारी मुलं हुशार. न विचारणारी हीच समजूत घेऊन पुढच्या इयत्तेत जातात आणि तिथे कोणी ती काढत नाही.

मी पुण्यात एका शाळेत आठवड्यातून काही तास भूगोल घेते. शिक्षिका नाही, आवड म्हणून जाते. तिथे मी पहिल्या दिवशी एवढंच करते : भित्तिनकाशा काढून जमिनीवर पसरते. मुलं होकायंत्राने उत्तर शोधतात आणि नकाशाची उत्तर त्या बाजूला फिरवतात. मग एकेकाने चपला काढून पुण्यावर उभं राहायचं आणि नकाशात बघून मुंबईकडे हात करायचा. हात जातो पाण्याच्या टाकीकडे. "म्हणजे मुंबई टाकीच्या मागे आहे?" हो, खरंच त्याच दिशेला आहे! नागपूर मुख्याध्यापकांच्या खोलीपलीकडे, कोल्हापूर सायकल स्टँडच्या अंगाला. दिशा ही कागदावरची नसून आपण उभे आहोत तिथून निघते, हे याआधी त्यांच्या कधी लक्षातच आलेलं नसतं.

नकाशाचं असं जमतं. माझं अडतं पृथ्वीगोलापाशी. बहुतेक शाळांत तो कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो आणि तपासणीला साहेब आले की टेबलावर येतो. मुलांच्या हातात दिला की ती तो गरगर फिरवतात, बोट ठेवून थांबवतात आणि "मी इथे जाणार" खेळतात. खेळू देत, पण त्यापुढे काय? तुम्ही कोणी शिक्षक असाल, पालक असाल, तर काय करता ते लिहा. कितवीपासून, कोणता गोल घ्यावा, काय करून बघितलं, सगळं चालेल.

चिंगी_आणि_मंडळी

मस्त विषय. वाचतेय. लेकीला आजच स्वयंपाकघरात पुण्यावर उभी करते.

गावठाण

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, गोदाकाठी. तुमच्या शहरी पोरांची दिशांची अडचण आमच्याकडे फारशी येत नाही. आमच्या पोरांना उगवतीकडचं शेत, मावळतीकडचा ओढा हे घरातच कळतं. अडचण येते ती नकाशाच्या प्रमाणाची.

मी सुरुवात गाव नकाशापासून करतो. तलाठ्याकडे असतो, भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावरही बघायला मिळतो. त्यावर गट नंबर, ओढा, पांदण, गायरान, गावाची शिव, सगळं असतं. सातबारावरचा गट नंबर प्रत्येक पोराला घरून विचारून यायला लावतो आणि त्यानं आपलं शेत रंगवायचं. ज्यांना शेत नाही त्यांनी शाळा, देऊळ, विहीर, दर्गा, पाण्याची टाकी भरायची. (हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर वर्गात उगाच शेतवाले आणि बिनशेतवाले असे दोन गट पडतात.) मग तो कागद घेऊन आम्ही पांदणीनं निघतो. कागदावर वळण आलं की रस्त्याला वळण यायला पाहिजे. नाही आलं तर थांबायचं आणि भांडायचं.

पुढचा टप्पा तालुक्याच्या नकाशाचा. त्यात आख्खं गाव एक ठिपका होतं. जिल्ह्याच्या नकाशात ठिपका असला तर असला. राज्याच्या नकाशात तर नाहीच. तिथे एक तरी पोरगं विचारतंच, "सर, आपलं गाव कुठं गेलं?" प्रमाणाचा धडा त्या वाक्यापासून सुरू करायचा. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या स्थलदर्शक नकाशात २ सेंमी म्हणजे १ किमी. तिथं आमचा ओढाही दिसतो. १:१०,००,००० च्या नकाशात १ सेंमी म्हणजे १० किमी, तिथं ओढा गेला. "आपलं घर दिसायला केवढा कागद लागेल" हे पोरांना गणितात करायला दिलं की पट्टी घेऊन बसतात.

अजून एक. राज्याच्या नकाशावर गोदावरी सुतळीनं मोजायला लावतो. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किमीच्या आसपास, आणि ही बाई निघाली उलट्या बाजूला, १,४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला. "जवळचा समुद्र सोडून ती तिकडं का गेली?" एवढा एकच प्रश्न फळ्यावर लिहून मी गप्प बसतो. सह्याद्री, घाटमाथा, पठाराचा पूर्वेकडचा उतार, सगळं पोरंच बोलतात. कोणी म्हणतं तिला सासर लांब मिळालं. तेही लिहून घेतो.

ठाणेकर_७२

चर्चा चांगली आहे, पण २१व्या शतकात प्लॅस्टिकचा गोल आणि सुतळी? फोनवर गूगल अर्थ उघडा, बोटाने फिरवा, सोसायटीच्या गच्चीपर्यंत खाली या. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी सगळे खंड येत होते. शाळांनी यावर खर्च करायचा सोडून टॅब द्यावेत.

मधली_सुट्टी

@ठाणेकर, एका गोष्टीसाठी मी तेच वापरते. शाळेचं छप्पर दाखवून हळूहळू वर उचलत न्यायचं. वरून बघितलेलं चित्र म्हणजे नकाशा, हे समजायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बाकाचं वरून चित्र काढा म्हटलं तर चौथीतली मुलं बाकाला चार पाय काढतात!

पण फोनवर मोठं-लहान इतक्या सहज होतं की अंतराचा अंदाजच येत नाही. प्रत्येक जागा बोटाच्या एका चिमटीवर. ३० सेंमीच्या गोलावर १ सेंमी म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर, पूर्व-पश्चिम आख्खा महाराष्ट्र जेमतेम २ सेंमी. तो गोल कधीच मोठा होत नाही. मुलं दोऱ्याने मोजतात, दोरा पट्टीवर ठेवतात, गुणाकार करतात. आणि गोलाची मागची बाजू बघायला स्वतः उठून पलीकडे जावं लागतं. हे मला फार मोलाचं वाटतं.

शिवाय सपाट पडदा आणि सपाट नकाशा दोन्ही एकाच ठिकाणी फसवतात. वर्गात अजूनही मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा जगाचा नकाशा दिसतो. १५६९ साली त्याने तो खलाशांसाठी केला. त्यावर आखलेली सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा, त्यामुळे जहाज हाकायला उत्तम. पण ध्रुवांकडे जाल तसं सगळं फुगतं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौ. किमी आणि आफ्रिका ३ कोटींच्या वर, म्हणजे चौदा पट. आपला भारत ३२.८७ लाख, ग्रीनलंडच्या दीडपट. हे आकडे सांगून मुलांना काही वाटत नाही. गोलावर बटर पेपर धरून ग्रीनलंड गिरवायचं, कापायचं आणि गोलावरच्या भारतावर ठेवायचं. भारत बाहेर उरतो. मग तोच प्रकार भिंतीवरच्या नकाशावर करायचा. दोन उत्तरं वेगळी आली की वर्गात जो गोंधळ होतो, त्यासाठी मी शाळेत जाते.

असं का होतं ते दाखवायला प्लॅस्टिकचा फुटका बॉल घ्या. त्यावर मार्करने खंड काढा आणि कापून टेबलावर सपाट करायला सांगा. फाटतो तरी किंवा दुमडतो तरी. नकाशा काढणाऱ्यालाही यातलंच काहीतरी पत्करावं लागतं.

ठाणेकर_७२

बटर पेपरचं पटलं. टॅबचं मत कायम :)

विमानाचं सांगा मुलांना. मुंबई-न्यूयॉर्क विमान सपाट नकाशावर पश्चिमेला सरळ जावंसं वाटतं, आणि सीटसमोरच्या पडद्यावर ते रशियाच्या बाजूला वर चढताना दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पायलट चुकला.

कासव

ठाणेकर, तोच दोरा गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क ताणून धरा. आपोआप उत्तरेकडे सरकतो, साधारण ६५ अंश उत्तरेपर्यंत, आइसलंडच्या जवळून. गोलावर ताणलेला दोरा म्हणजे सर्वांत जवळची वाट. यासाठी टॅब लागत नाही, शिवणाच्या डब्यातलं रीळ पुरतं.

मधली_सुट्टी, तुम्ही नकाशा भिंतीवरून उतरवला, आता गोल स्टँडवरून उतरवा. मी भौतिकशास्त्र शिकवायचो, हा प्रयोग भूगोलवाल्यांना आवर्जून सांगतो.

उन्हात मैदानावर एक चुंबळ ठेवा, तिच्यावर नुसता गोल. आपलं गाव बरोबर माथ्यावर येईल असा तो फिरवा. मग उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे येईल असा वळवा. पुण्यात हे केलं की गोलाची आस जमिनीशी साडेअठरा अंशांचा कोन करते आणि ध्रुवताऱ्याकडे बघते, म्हणजे आपल्या पायाखालच्या खऱ्या पृथ्वीच्या आसेला समांतर. झालं. सूर्य तोच, आस तीच, त्यामुळे त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे दिवस आहे तिथेच गोलावर ऊन पडतं. सकाळी दहाला करून बघा. जपानावर चांगलं ऊन असतं, युरोपात उजाडण्याची कड कुठेतरी असते, आणि न्यूयॉर्क बघायला मुलांना जमिनीला गाल टेकवावा लागतो, कारण ते खालच्या अंधाऱ्या बाजूला असतं. अर्धा तास तसाच राहू द्या, धक्का लावू नका. उजेडाची कड सरकलेली दिसते. गोल कोणी फिरवलेला नसतो.

कणकेच्या छोट्या गोळीत काडेपेटीच्या काडीचा तुकडा रोवून तो आपल्या गावावर उभा करा आणि शेजारी मैदानात एक काठी. दोन्ही सावल्या एकाच दिशेला पडतात. दुसरी काडी दिल्लीवर, तिसरी ऑस्ट्रेलियावर. "आत्ता तिथल्या मुलाची सावली कुठे पडली असेल?" याचं उत्तर तुमच्या पायाशी असतं.

स्टँडचा एक तोटाही सांगतो. त्यात आस साडेतेवीस अंशांत कललेली असते, ते ठीक. पण मुलांना वाटतं पृथ्वी सूर्याकडे वाकली की उन्हाळा आणि मग ती मान फिरवून पलीकडे वाकली की हिवाळा. मान फिरतच नाही. वर्गाच्या मधोमध दिवा ठेवून गोल त्याच्याभोवती न्या, पण उत्तर ध्रुव कायम एकाच खिडकीकडे. खिडकी सुटली की आउट. असा खेळ केला की ऋतू समजतात.

निवडुंग

कासवकाका, हे चुंबळीचं भन्नाट आहे. शून्य सावलीच्या दिवशीही जमेल ना?

कासव

त्या दिवशी तर जमेलच. आख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईला १५च्या, नागपूरला २६च्या. दुसरी फेरी जुलै-ऑगस्टात असते, पण तेव्हा ढगच डोक्यावर. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून हा प्रयोग सोसायटीत किंवा मामाच्या गावी.

वेळेकडे लक्ष असू द्या. बारा वाजता सावली शून्य होत नाही. आपलं घड्याळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्ताचं, ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. आपण त्याच्या पश्चिमेला. प्रत्येक अंशाला ४ मिनिटं. मे महिन्यात पुण्याचा मध्यान्ह १२:३१ च्या आसपास, मुंबईचा १२:३५, नागपूरचा १२:१०. मुंबई-नागपूर यांच्यात घड्याळ एक आणि सूर्यात पंचवीस मिनिटांचा फरक, हे मुलांना नागपूरच्या आत्याला फोन लावून तपासता येतं. "तुमच्याकडे दिवे लागले का?" एवढं विचारायचं.

मेलबर्नची_माई

मी इथे शनिवारच्या मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे या धाग्यावर माझा हक्क आहे.

आमच्याकडे भरदुपारी सूर्य उत्तरेला असतो. त्यामुळे घर घेताना लोक उत्तरेचं ऊन बघतात. भारतातून नवी आलेली मुलं सूर्यावरून दिशा काढायला गेली की हमखास उलटी काढतात. उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं तर सूर्य उजवीकडून डावीकडे जातो. चंद्रावरचा ससासुद्धा इथे डोकं खाली करून बसलेला दिसतो, आजी व्हिडिओ कॉलवर विश्वास ठेवत नाही. पूर्वेला तोंड केलं की डाव्या हाताला उत्तर, एवढं मात्र इथेही तसंच.

इथल्या मुलांना दक्षिण वर असलेला जगाचा नकाशा सहज बघायला मिळतो. स्टुअर्ट मॅकआर्थर या मेलबर्नच्याच माणसाने १९७९ मध्ये तसा एक प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलिया वर, मधोमध. मी तो भारताच्या नेहमीच्या नकाशाशेजारी लावते आणि कन्याकुमारी शोधायला सांगते. मोठी माणसं अडखळतात, लहान मुलं मान वाकडी करून लगेच सांगतात.

खोडरबर_सर

निवृत्त शिक्षक आहे. सगळं वाचलं. प्रयोग उत्तम आहेत, पण एका गोष्टीवर कोणी बोलत नाही. मुलांना नावं आली पाहिजेत. हल्ली पाठांतर म्हटलं की लोक नाक मुरडतात. अहो, पण ज्याला भीमा कुठे आणि तापी कुठे हेच ठाऊक नाही, तो पठाराचा उतार कशावर समजून घेणार? मी रोज तास संपताना पाच मिनिटं कोरा नकाशा द्यायचो. पाच ठिकाणं. चुकलं तर मारायचो नाही, पण उद्या तीच पाच पुन्हा. वर्षाअखेर वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही महाराष्ट्र डोळे मिटून काढता यायचा.

दुसरं, जुने नकाशे रद्दीत घालू नका. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे २६, आज ३६. माझ्याकडचा एक जुना भित्तिनकाशा आहे, त्यात चंद्रपूर अवाढव्य, कारण गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला. लातूर नाही, जालना नाही, सिंधुदुर्ग नाही. पालघर तर २०१४ चा. जुना आणि नवा शेजारी ठेवून "फरक ओळखा" घ्यायचो, वर्तमानपत्रातल्या कोड्यासारखं. जुन्या गोलावर सोव्हिएत संघ सापडला तर तो गोल जपून ठेवा. १४९२ मध्ये न्यूरेंबर्गच्या मार्टिन बेहाइमने केलेला गोल आजही आहे. आज शिल्लक असलेल्या पृथ्वीगोलांत सर्वांत जुना, आणि त्यावर अमेरिकाच नाही. सांगितल्यावर मुलं म्हणतात, "मग तिथे काय होतं?" समुद्र आणि आशिया, दुसरं काय.

आणि भूगोलाला शाळेत किती मान आहे ते वेगळं सांगायला नको. दहावीत इतिहासाबरोबर निम्म्या, ४० गुणांचा. २०२० मध्ये टाळेबंदीत दहावीचा जो पेपर रद्द झाला, तो भूगोलाचा. शेवटी ठेवलेला होता ना.

निवडुंग

सर, मी त्याच बॅचची!! भूगोलाचं पुस्तक अजून कोरं आहे माझं. 😄

मधली_सुट्टी

खोडरबर सर, पाच ठिकाणांचं मान्य. मी नावांना विरोध करत नाही, फक्त नावं आधी आणि जागा नंतर या क्रमाला आहे.

रंगांवर कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालते. प्राकृतिक नकाशातला हिरवा रंग म्हणजे झाडी, असं निम्म्या वर्गाला वाटतं. त्यात हिरवा म्हणजे सखल. म्हणून सिंधकडचा वाळवंटी भाग हिरवा आणि सह्याद्रीचं दाट जंगल तपकिरी. राजकीय नकाशात रंगाला काहीच अर्थ नाही, शेजारचं वेगळं दिसावं म्हणून दिलेला. सूची वाचल्याशिवाय एकाही रंगावर बोलायचं नाही, असा आमच्या वर्गात नियम आहे.

सुईदोरा

मी दृष्टिहीन मुलांना शिकवते. त्यांचा नकाशा बोटांनी वाचायचा असतो, त्यामुळे तुमच्या बऱ्याच अडचणी आमच्याकडे मुळातच नाहीत. नकाशा टेबलावर आडवाच असतो आणि रंगांची भानगड नाही.

पुठ्ठ्यावर फेविकॉलने सुतळी चिकटवून राज्याची सीमा, बारीक दोऱ्याने नदी, मोहरीचे दाणे शहरांना, सह्याद्रीला काथ्याची दोरी, समुद्राला बारीक पॉलिश पेपर. पहिल्यांदा करणारे सगळे एकाच पुठ्ठ्यावर सगळं भरतात. तसं करू नका. डोळा नको ते वगळतो, बोटाला ते जमत नाही. सुतळी आणि दोरा एकमेकांना छेदू लागले की मुलं वाट चुकतात. सीमेचा एक, नद्यांचा एक, डोंगरांचा एक, असे वेगळे पुठ्ठे करायचे, पण आकार तोच आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात कापलेली खूण, म्हणजे धरायचा कसा ते कळतं. कोलकात्याच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेने, नॅटमोने, ब्रेलमधला अ‍ॅटलास काढला आहे, शाळांनी तो जरूर मागवावा.

गोलावर विषुववृत्ताला जाड रबरबँड, कर्क आणि मकरवृत्ताला बारीक. मुलं दोन्ही हातांनी गोल कवेत घेतात, एक हात ब्राझीलवर, एक इंडोनेशियावर, आणि दोन्हीकडे तोच रबरबँड लागतो. डोळस मुलांनाही पट्टी बांधून हे करून बघा.

उठावाचे गोल मिळतात, डोंगर वर आलेले. घेताना विचार करा. ३० सेंमीच्या गोलावर एव्हरेस्टची उंची खऱ्या प्रमाणात ०.२ मिमी होते. बोटाला डोंगर वाटणारही नाही. त्यामुळे ते गोल हिमालय कितीतरी पट फुगवतात आणि आमच्या मुलांना पृथ्वी फणसासारखी वाटते. मी साधा गुळगुळीत गोलच देते आणि डोंगर पुठ्ठ्यावर शिकवते.

कासव

सुईदोरा, हे फार आवडलं. त्याच प्रमाणात चंद्र ८ सेंमीचा चेंडू येतो आणि तो गोलापासून ९ मीटरवर धरायचा. मुलांना अंदाज विचारला तर बहुतेक हातभर अंतरावर धरतात. पुस्तकातल्या चित्राचा दोष.

चिंगी_आणि_मंडळी

उंचीवरून आठवलं. दिवाळीचा किल्ला! आम्ही यंदा किल्ला मोडायच्या आधी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) काढल्या. अंगणातला मोठा किल्ला पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून उरलेल्या मातीचा एक छोटा डोंगर परातीत केला, चांगला वाळू दिला. परातीत बोटभर पाणी ओतायचं, पाण्याची कड टोचणीने डोंगरावर कोरायची, अजून बोटभर, पुन्हा कोरायची. पाणी काढून वरून बघितलं की एकात एक कड्या दिसतात. उभ्या कड्याच्या बाजूला रेषा चिकटलेल्या, उताराच्या बाजूला लांब लांब. लेक म्हणाली, मावळे लांब लांब रेषांकडून चढणार आणि शत्रूला वाटणार कोणी येत नाही. इतिहास कच्चा आहे तिचा, पण नकाशा कळला.

गावठाण

कसलेला मावळा रेषा चिकटलेल्या बाजूनंच चढंल, सांगा तिला. 😀

कासवकाका, एक विचारायचं होतं. सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढतात म्हणे, इराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानानं इजिप्तमध्ये काढला तसा. आपल्याला जमेल का? दोन गावं एकाच रेखावृत्तावर पाहिजेत ना?

कासव

नकाशा उघडा आणि ७३° ५०' च्या आसपास वरून खाली बोट फिरवा. नाशिक, पुणे, पणजी. तिन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर. नाशिक २० अंश उत्तर, पुणे १८.५, पणजी १५.५. अशी ओळ सहज मिळत नाही.

तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी १ मीटरची काठी ओळंब्याने उभी करायची आणि मध्यान्हीची सर्वांत छोटी सावली मोजायची. सावलीवरून कोन काढायला त्रिकोणमिती नको, कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने मोजता येतो. नाशिक आणि पणजी यांच्या कोनांत साडेचार अंशांचा फरक आला पाहिजे. सरळ अंतर नकाशावर मोजा, ५०० किमी भरतं. (रस्त्याचं घेऊ नका, घाट आणि वळणं मिळून ते बरंच जास्त होतं.) साडेचार अंशांना ५००, तर ३६० ला किती? चाळीस हजार. पाचवी-सहावीचं त्रैराशिक.

निवडुंग

अंगावर काटा! २३ सप्टेंबरला करूया? विषुवदिन असतो ना?

मेलबर्नची_माई

सप्टेंबरात गोव्याला ऊन? शुभेच्छा.

कासव

विषुवदिन लागतच नाही. आपल्याला दोन कोनांतला फरक हवा, तो कुठल्याही दिवशी तेवढाच असतो. डिसेंबर घ्या. आकाश स्वच्छ, सावल्या लांब, त्यामुळे मोजायला सोप्या. १० डिसेंबरच्या सुमारास नाशिकला ९३ सेंमी आणि पणजीला ७९ च्या जवळपास सावली यावी. मध्यान्ह तिन्हीकडे १२:२७ च्या आसपास, एकच रेखावृत्त असल्याने. मुलांना हे आकडे आधी सांगू नका, नाहीतर तेवढीच सावली मोजून आणतील. आणि सांभाळून : सावलीत १ सेंमीची चूक झाली तरी परीघ अडीच-तीन हजार किलोमीटरने हलतो. टोक पुसट येतं, म्हणून काठीच्या माथ्यावर भोक पाडलेला पुठ्ठा लावा आणि उजेडाचा ठिपका मोजा. काठीची उंची मग भोकापर्यंत धरायची.

मधली_सुट्टी

पुणे माझ्याकडे. फक्त शनिवार नको, सकाळची शाळा असते, साडेबाराला मुलं घरी पोचलेली असतात. मधल्या वारी ठेवू. सव्वाबारा ते पाऊण दर दोन मिनिटांनी खूण करायची म्हणजे कमीत कमी सावली हुकत नाही.

खोडरबर_सर

नाशिकला माझी पुतणी शाळेत आहे, तिला सांगतो. डिसेंबरात स्नेहसंमेलनाची गडबड असते, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच उरका.

गावठाण

साडेबाराला आमच्याकडं खिचडीची पंगत असते. पण आम्ही त्या रेखावृत्तावर नाहीच, तर आम्ही पण मोजतो आणि आमचा मध्यान्ह किती मिनिटं आधी येतो ते कळवतो. त्यावरून तुम्ही आमचं रेखांश काढा, गावाचं नाव सांगणार नाही.

निवडुंग

पणजीचं कोण बघतंय? पणजीच पाहिजे असं नाही ना, म्हापसा-मडगाव चालेल?

कासव

चालेल, फक्त सरळ अंतर नव्याने मोजा. गोवेकर कोणी वाचत असेल तर खाली लिहा. काठी, ओळंबा, पुठ्ठा आणि मोबाईलची वेळ, एवढंच लागेल.